हिमालयन ट्रस्ट

हिमालयन ट्रस्ट : नेपाळच्या ईशान्य भागातील सोलुखुंबू जिल्ह्यात शाळा, रुग्णालये, पूल, नळपाणीपुरवठा इत्यादींची कामे करणारी सेवाभावी संस्था. मुख्यतः न्यूझीलंडमधील स्वयंसेवकांच्या श्रमांतून ती उभी राहिली. तेनसिंग नोर्गे यांच्यासह २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्ट शिखरावर प्रथम पोहोचलेले न्यूझीलंडचे गिर्यारोहक सर एडमंड हिलरी (२० जुलै १९१९–११ जानेवारी २००८) हे तिचे संस्थापक होत. दुसऱ्या देशातील ग्रामीण शाळांसाठी स्वयंसेवकांनी केलेल्या विसाव्या शतकातील प्रयत्नांपैकी हा एक दीर्घकाळ टिकलेला प्रयत्न होय.

पार्श्वभूमी : राणा राजवटीत (१८४६–१९५१) नेपाळमध्ये लोकशिक्षणाची जवळजवळ वाणच होती. १९५२–५४ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होते. एव्हरेस्टच्या पायथ्याचा खुंबू हा प्रदेश काठमांडूपासून सुमारे दोन आठवड्यांच्या पायवाटेवर असल्याने तेथील स्थिती याहून बिकट होती. तेथे राहणाऱ्या शेर्पांची भाषा तिबेटी भाषाकुलातील असून, गोंपांतील (मठांतील) लामांकडून धर्मग्रंथ वाचण्यापुरती अक्षरओळख काहींना होई. इतरांना तीही मिळत नसे. बटाटा व जवासारख्या धान्यांची शेती, याकपालन आणि नांगपा ला या खिंडीतून तिबेटशी चालणारा मीठ, लोकर व धान्य यांचा व्यापार ही उपजीविकेची साधने होती. १९५९ मधील तिबेटी उठावानंतर चीनने सीमेवर निर्बंध घातले आणि या व्यापाराला उतरती कळा लागली. जुना व्यवसाय हातचा जात असताना मुलांच्या भवितव्याचा प्रश्न शेर्पांपुढे उभा राहिला होता. शाळेची मागणी या काळातील आहे.

खुमजुंगची शाळा : हिलरी १९६०–६१ मध्ये एक शास्त्रीय व गिर्यारोहण मोहीम घेऊन खुंबूत आले. उंचीचा मानवी शरीरावर होणारा परिणाम अभ्यासणे आणि ‘यती’ या कल्पित हिममानवाचा छडा लावणे हे तिचे प्रमुख हेतू होते. मोहिमेला अमेरिकेतील ‘वर्ल्ड बुक’ या ज्ञानकोशाच्या प्रकाशनसंस्थेचा आश्रय होता. खुमजुंगच्या गोंपात यतीची म्हणून जतन केलेली शिरत्वचा तपासणीसाठी शिकागो, पॅरिस व लंडन येथे नेण्यात आली. तिच्यासोबत गावचे एक ज्येष्ठ, खुंजो चुंबी, हेही गेले. ती वस्तू सेरो या शेळीसदृश रानटी प्राण्याच्या कातड्याची असल्याचा निर्वाळा तज्ञांनी दिला. यतीचा शोध असा निष्फळ ठरला. मोहिमेचे टिकाऊ फळ मात्र निराळेच निघाले. तुमच्या लोकांसाठी काय करावे, असे हिलरींनी आपल्या शेर्पा सहकाऱ्यांना विचारले, तेव्हा त्यांनी शाळा मागितली. आमची मुले डोळे असून आंधळी आहेत, अशा आशयाचे गाऱ्हाणे ग्रामस्थांनी मांडल्याचे हिलरींनी नमूद केले आहे.

शाळेच्या इमारतीसाठी लागणारा ॲल्युमिनियमचा जुळणीचा सांगाडा कलकत्त्याच्या इंडियन ॲल्युमिनियम कंपनीने देणगीदाखल दिला. तिबेटी निर्वासितांच्या मदतकार्यात असलेल्या रेडक्रॉसच्या लहान विमानाने हे साहित्य मिंगबो येथील तात्पुरत्या धावपट्टीवर उतरविण्यात आले व तेथून हमालांच्या पाठीवरून ते खुमजुंगला (उंची सुमारे ३,७९० मी.) पोहोचले. जून १९६१ मध्ये तेंगबोचे मठाच्या प्रमुख लामांच्या हस्ते शाळा सुरू झाली. शिक्षक म्हणून शेर्पा समाजातीलच व्यक्तीची निवड करण्यात आली.

विस्तार : खुमजुंगच्या शाळेची वार्ता पसरताच इतर गावांची शिष्टमंडळे लेखी अर्ज घेऊन हिलरींकडे येऊ लागली. त्यांतून १९६३ मध्ये पांगबोचे व थामे येथे आणि १९६४ मध्ये जुनबेसी व चौंरीखर्क येथे शाळा उभ्या राहिल्या. गावाने मागणी केल्याशिवाय काम हाती घ्यायचे नाही आणि बांधकामात ग्रामस्थांचे श्रम असावेत, ही पद्धत आरंभापासून पाळली गेली. न्यूझीलंडमधील सुतार, गिर्यारोहक व डॉक्टर हे विनावेतन काम करीत. गावकरी दगड फोडून व लाकूड वाहून आणीत. या मोहिमांना गिर्यारोहणाची जोड असे. कांगतेगा (१९६३) व थामसेर्कू (१९६४) या शिखरांवरील पहिल्या चढाया अशा मोहिमांतूनच झाल्या. १९६३ मध्ये खुंबूत देवीची साथ आली, तेव्हा स्वयंसेवकांनी बांधकाम बाजूला ठेवून हजारो लोकांना लस टोचली. हिलरींच्या स्कूलहाउस इन द क्लाउड्स (१९६४) या ग्रंथात या कामाचा वृत्तांत आला आहे. ही कामे पुढे हिमालयन ट्रस्ट या संस्थेच्या नावे चालू लागली.

शाळेबरोबर आरोग्याचा प्रश्नही हाती घ्यावा लागला. आयोडीनच्या अभावामुळे या भागात गलगंडाचे प्रमाण फार मोठे होते आणि त्यामुळे काही मुले जन्मतः मतिमंद व मूकबधिर निपजत. खुंदे येथे १९६६ मध्ये रुग्णालय सुरू झाल्यावर आयोडीनयुक्त तेलाची अंतःक्षेपणे देण्याची मोहीम राबविण्यात आली व या विकृतीस मोठ्या प्रमाणात आळा बसला. फाफलू येथील रुग्णालयाचे बांधकाम चालू असताना ३१ मार्च १९७५ रोजी काठमांडू येथे विमान कोसळून हिलरींच्या पत्नी लुईझ व कन्या बेलिंडा मृत्यू पावल्या; त्या फाफलूलाच निघाल्या होत्या. या आघातानंतरही काम थांबले नाही आणि ते रुग्णालय १९७६ मध्ये सुरू झाले. संस्थेने उभारलेल्या वा साहाय्य दिलेल्या शाळांची संख्या कालांतराने पंचवीसच्या वर गेली. खुमजुंगच्या प्राथमिक शाळेचे पुढे माध्यमिक विद्यालय झाले.

शासन व शाळा : परदेशी देणगीतून बांधलेल्या शाळेचा खरा प्रश्न इमारत पूर्ण झाल्यावर सुरू होतो. छप्पर एकदाच घालावे लागते, शिक्षकाचे वेतन मात्र दरमहा द्यावे लागते. आरंभी हा भार ट्रस्टने उचलला. १९७१ मध्ये नेपाळ सरकारने राष्ट्रीय शिक्षणपद्धती योजना अंमलात आणली. तीनुसार देशभर एकच अभ्यासक्रम आला आणि शिक्षकांची नेमणूक व वेतन यांची जबाबदारी मुख्यतः शासनाकडे गेली. यामुळे शाळांना स्थैर्य लाभले व त्यांच्या परीक्षांना मान्यता मिळाली. तथापि शिक्षणाचे माध्यम नेपाळी असल्याने शेर्पा मुलाला पहिल्या दिवसापासून परक्या भाषेत शिकावे लागे आणि त्याची मातृभाषा शाळेबाहेरच राहिली. पुढील काळात ट्रस्टने शिष्यवृत्त्या, पाठ्यसाहित्य व शिक्षकांचे प्रशिक्षण यांवर अधिक भर दिला.

परिणाम : खुमजुंगच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी मिंग्मा नोर्बू शेर्पा हे सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाचे (स्थापना १९७६) पहिले शेर्पा अधीक्षक झाले, २३ सप्टेंबर २००६ रोजी पूर्व नेपाळमधील हेलिकॉप्टर अपघातात त्यांचे निधन झाले. आंग रिता शेर्पा यांनी ट्रस्टच्या काठमांडू येथील कार्यालयाचा कारभार दीर्घकाळ सांभाळला. कामी तेंबा शेर्पा यांनी खुंदे रुग्णालयात आरोग्यसाहाय्यक म्हणून काम केले, फिजीमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतले आणि त्याच रुग्णालयाची धुरा वाहिली. ज्या जागा परदेशी स्वयंसेवक भूषवीत, त्या विद्यार्थ्यांनीच घेतल्या, हे या शाळांचे सर्वांत मोठे यश म्हणता येईल.

काही परिणाम मात्र कोणी योजलेले नव्हते. शाळा व रुग्णालय यांचे साहित्य आणण्यासाठी १९६४ मध्ये लुक्ला येथे धावपट्टी तयार करण्यात आली. तिची माती दाबून घट्ट करण्यासाठी शेर्पांनी तीवर पाय आपटत सामूहिक नृत्य केले. दोन आठवड्यांची वाट त्यामुळे तासाभराच्या आत आली आणि परदेशी पर्यटकांची संख्या दशकभरात काही हजारांवर गेली. इंग्रजी व हिशेब शिकलेल्या तरुणांना पर्यटनात कमाईची संधी मिळाली. परंतु त्या कमाईच्या ओढीने अनेकांनी शिक्षण अर्धवट सोडले, तर अधिक शिकलेले काठमांडूत व परदेशांत स्थायिक झाले. सरपणासाठी जंगलतोडही वाढली. हिलरींनी स्वतः हे दुष्परिणाम मान्य केले व राष्ट्रीय उद्यानाची स्थापना आणि वृक्षारोपण यांचा पुरस्कार केला. १९६४ च्या मोहिमेत सहभागी असलेले अमेरिकन मानवशास्त्रज्ञ जेम्स फिशर यांनी शेर्पाज : रिफ्लेक्शन्स ऑन चेंज इन हिमालयन नेपाळ (१९९०) या ग्रंथात शाळा व धावपट्टी यांमुळे घडलेल्या या स्थित्यंतराची चिकित्सा केली असून, त्या बदलात आपलाही हात होता हे त्यांनी लपविलेले नाही.

एप्रिल व मे २०१५ मधील भूकंपांत सोलुखुंबूतील अनेक शाळांची पडझड झाली. त्यांच्या पुनर्बांधणीच्या कामात न्यूझीलंडमधील मूळ संस्थेबरोबर, शेर्पांनी चालविलेल्या हिमालयन ट्रस्ट नेपाळ या संस्थेनेही भाग घेतला. १९६१ मध्ये ज्यांच्यासाठी शाळा मागण्यात आली होती, त्या पिढीतील माणसे या वेळी मागणाऱ्यांत नव्हती, तर बांधणाऱ्यांत होती.