पुरुषभान

पुरुषभान म्हणजे पुरुषाने स्वतःच्या पुरुषपणाकडे डोळसपणे पाहणे. लहानपणापासून अंगी बाणवलेल्या अपेक्षा, दडपलेल्या भावना, राग व्यक्त करण्याच्या सवयी आणि स्त्रियांशी व इतर पुरुषांशी असलेले संबंध यांचा त्यात विचार होतो. हा विचार करून स्वतःत बदल घडवण्याच्या प्रयत्नालाही याच नावाने ओळखले जाते. 'आत्मभान', 'समाजभान' या शब्दांच्या धर्तीवर ही संज्ञा मराठीत रुळली. महाराष्ट्रात ती प्रामुख्याने स्त्री-पुरुष समतेच्या चळवळीतून पुढे आली. व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्य या क्षेत्रांतील कामाशीही तिचा जवळचा संबंध आहे.

संज्ञा आणि भाषा

'पुरुषार्थ' हा जुना शब्द धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष या चार साध्यांचा वाचक आहे. बोलण्यात मात्र त्याचा अर्थ आकसून 'मर्दुमकी' एवढाच उरला. मुलगा रडू लागला की 'मुलीसारखा काय रडतोस?' असे विचारले जाते. घरकामात हात घालणारा 'बायल्या' ठरतो आणि पत्नीचे ऐकणारा 'ताटाखालचे मांजर'. रागीट पुरुषाचे वर्णन मात्र 'तापट पण मनाचा चांगला' असे कौतुकाने होते. पुरुषाच्या रागाला मराठीत सवलत आहे, पण त्याच्या भीतीला, लाजेला आणि दुःखाला घरगुती शब्दही अपुरे आहेत. या विषयावरील शिबिरांत कितीतरी पुरुषांना 'कसे वाटते?' या प्रश्नाला 'बरे' आणि 'ठीक' यांपलीकडे उत्तर सुचत नाही, ते यामुळेच.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पुरुषांच्या वागणुकीची मराठीतील पहिली रोखठोक चिकित्सा एका स्त्रीने केली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक १८८२ साली प्रसिद्ध झाले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला भ्रूणहत्येच्या आरोपावरून झालेली शिक्षा आणि त्यानंतर वृत्तपत्रांतून स्त्रीजातीवर उठलेली टीका हे त्याचे निमित्त होते. जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जातात ते पुरुषांत नाहीत काय, हा ताराबाईंचा मूळ प्रश्न होता. पुस्तकावर टीका झाली तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ साली 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली. स्त्रीने पुरुषांवर केलेली टीका एका पुरुषाने जाहीरपणे मान्य करावी, हे त्या काळात दुर्मिळ होते.

धोंडो केशव कर्वे यांनी पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८९३ साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरूड या आपल्या गावी बहिष्कार सोसला. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'आत्मवृत्ता'त त्यांनी आपल्या भिडस्त स्वभावाविषयी मोकळेपणाने लिहिले आहे. मोठे काम करणाऱ्या पुरुषाने आपली भीड आणि संकोच लपवू नये, हा आदर्श त्यांच्या सामाजिक कार्याइतकाच मोलाचा आहे, पण त्याची चर्चा कमी होते. त्यांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. कामजीवनाविषयी पुरुषांच्या मनातील अज्ञान आणि अपराधभाव दूर करण्याचा प्रयत्न या मासिकाने केला. त्यासाठी त्यांना न्यायालयात खेचले गेले आणि आर्थिक ओढाताणही सोसावी लागली.

मराठी घराघरांत हळव्या पुरुषाची प्रतिमा रुजवली ती साने गुरुजींनी. अमळनेरच्या शाळेत ते शिक्षक होते आणि तेथील वसतिगृहातील मुलांची सेवाशुश्रूषा ते स्वतः करीत. 'श्यामची आई' हे पुस्तक त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यातील मुलगा रडतो, चुका कबूल करतो आणि आईकडून माया शिकतो. गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचे जीवन संपवले. त्यांच्या अश्रूंचे कौतुक करणाऱ्या समाजात खिन्नतेकडे आजार म्हणून पाहण्याची दृष्टी तेव्हा नव्हती. पाठ्यपुस्तकांतील परिचयांत आजही हा भाग बहुधा एका वाक्यात उरकला जातो.

मावा आणि पुरुषांचे संघटन

१९९१ साली पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी मुंबईत वृत्तपत्रातून एक जाहिरात दिली. पत्नीला मारहाण करणे चूक आहे असे मानणारे आणि स्त्रियांवरील हिंसा थांबवण्यासाठी काही करू इच्छिणारे पुरुष हवे आहेत, असा तिचा आशय होता. तिला २०५ पुरुषांनी प्रतिसाद दिला. त्यांतील काही जणांच्या बैठकांतून १९९३ साली 'मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज' (संक्षेपाने मावा) ही संस्था उभी राहिली. समाजकार्याचे शिक्षण घेतलेले हरीश सदानी हे तिचे सहसंस्थापक होत.

तोवर स्त्रियांवरील अत्याचार हा स्त्री संघटनांचा विषय मानला जात असे. पीडितेला आधार, कायदेशीर मदत आणि निवारा ही कामे त्या करीत होत्या आणि आजही करतात. पण मारणाऱ्याशी बोलायचे कोणी, हा प्रश्न मागे उरत होता. मावाने तो हाती घेतला. १९९६ पासून संस्थेने 'पुरुष स्पंदनं' हा वार्षिक अंक सुरू केला. पुरुषांनी स्वतःविषयी लिहावे हा त्यामागचा हेतू होता.

२००६ साली पुण्यातून 'युवा मैत्री' हा उपक्रम सुरू झाला आणि पुढे तो इतर जिल्ह्यांत पसरला. महाविद्यालयीन तरुणांची निवड करून निवासी शिबिरांत त्यांच्याशी लैंगिकता, मैत्री, नकार पचवणे, राग आणि घरातील कामाची वाटणी यांवर संवाद साधला जातो. हे तरुण पुढे आपल्याहून लहान मुलांचे मार्गदर्शक होतात आणि पथनाट्ये व भित्तिपत्रके यांतून विषय पुढे नेतात. विशीतल्या मुलाला साठीच्या वक्त्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या मित्राचे बोलणे अधिक पटते, हे या रचनेचे साधे गमक आहे. २०१७ पासून संस्था 'समभाव' हा फिरता चित्रपट महोत्सवही भरवते.

पुण्यात 'मिळून साऱ्याजणी' मासिकाच्या संस्थापक-संपादक विद्या बाळ (१९३७–२०२०) यांनी पुरुषांशी संवाद हा स्त्रीमुक्तीच्या कामाचाच भाग मानला आणि 'पुरुष संवाद केंद्र' सुरू केले. पुरुषाला शत्रू न मानता त्याला बोलते करायचे, ही त्यांची भूमिका होती.

मुक्तांगण: बरे होणे आणि जवळचा आदर्श

पुरुषांच्या भावनिक उपचाराचे महाराष्ट्रातील सर्वांत दीर्घ आणि ठोस उदाहरण व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात सापडते. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची स्थापना २९ ऑगस्ट १९८६ रोजी झाली. अनिल अवचट यांनी गर्दच्या (ब्राऊन शुगरच्या) विळख्याविषयी लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले आणि येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांनी उपचारपद्धतीचा पाया घातला. १९९७ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी संचालक म्हणून धुरा सांभाळली.

येथील निवासी उपचार ३५ दिवसांचा आहे. औषधांनी शरीराचा त्रास आटोक्यात आल्यावर खरे काम सुरू होते: गटचर्चा, समुपदेशन, योग, श्रमदान आणि स्वतःच्या आयुष्याचा प्रामाणिक हिशेब. दाखल झालेल्या व्यक्तीला रुग्ण न म्हणता 'रुग्णमित्र' म्हणतात. साहेब असो वा हमाल, झाडू सगळ्यांच्या हाती येतो. पतीच्या व्यसनाने होरपळलेल्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालवला जातो. पुरुष बरा होत असताना घरातील स्त्रीच्या जखमेकडे दुर्लक्ष होऊ नये, याचे भान त्यात दिसते.

व्यसनातून बाहेर पडलेले अनेक जण तेथेच समुपदेशक म्हणून काम करतात. ही बाब पुरुषभानाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. आपल्याकडे मुलांपुढे ठेवले जाणारे आदर्श बहुधा घोड्यावर बसलेले किंवा पडद्यावरचे असतात. त्यांना वंदन करता येते, पण त्यांच्याजवळ जाऊन काही विचारता येत नाही. काल गटारात पडलेला आणि आज नीटनेटका कामाला लागलेला माणूस समोर बसून स्वतःची हकिकत सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला बदल शक्य वाटू लागतो. १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या सहायता गटाचेही हेच तत्त्व आहे. त्याच्या मराठी सभाही महाराष्ट्रात अनेक ठिकाणी भरतात. तेथे आडनाव विचारले जात नाही, उपदेश केला जात नाही आणि 'फक्त आजचा दिवस' व्यसनाविना काढायचा असतो.

विचार बदलून भावना हाताळण्याची शिस्त मराठीत आणण्याचे श्रेय मुख्यतः कि. मो. फडके यांना जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती त्यांनी मराठी वाचकांना समजावून दिली. 'लोकांनी मला मान दिलाच पाहिजे' या हट्टातून राग कसा जन्मतो, हे त्यातून कळते. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेच्या कामातही या विचाराला मोठे स्थान आहे.

प्रश्नाचे गांभीर्य

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत १,१८,९७९ पुरुष होते, म्हणजे दर चारांत जवळपास तीन. रोजंदारीवर काम करणाऱ्यांची संख्या ४२,००४ होती. राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक, २२,२०७ इतका होता. कर्ज, पीकबुडी आणि आजार ही कारणे खरीच आहेत व ती केवळ समुपदेशनाने मिटणार नाहीत. परंतु अडचण घरात न सांगणे, हाही या मृत्यूंमागचा एक धागा आहे. शेतकरी कुटुंबांत पतीच्या मृत्यूनंतरच कर्जाचा खरा आकडा पत्नीला समजला, असे अनेकदा आढळते.

टीका आणि मर्यादा

पुरुषांवरील कामाकडे निधी वळल्यास स्त्रियांसाठीची आधारकेंद्रे मागे पडतील, अशी शंका स्त्री संघटनांतून व्यक्त होत आली आहे. पुरुषाचे दुःख समजून घेताना त्याने केलेल्या हिंसेला सबब मिळू नये, हा त्यांचा आग्रह रास्त आहे. दुसरीकडे, स्त्रियांच्या बाजूच्या कायद्यांविरुद्ध उभ्या राहिलेल्या पुरुषहक्क संघटनाही पुरुषांच्या दुःखाची भाषा बोलतात. पुरुषभान आणि पुरुषहक्क या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात पुरुष स्वतःला प्रश्न विचारतो, दुसऱ्यात तो इतरांकडे मागणी करतो.

दुसरी मर्यादा भूगोलाची आहे. ही कामे बहुतांशी मुंबई, पुणे, ठाणे आणि महाविद्यालयांची गावे यांभोवती फिरतात. नाणेघाटालगतच्या घाटघरसारख्या गावातून तालुक्याचे ठिकाण जुन्नर सुमारे ३० किलोमीटर, आणि तेथून पुणे आणखी नव्वदहून अधिक. रोजगार बुडवून समुपदेशनासाठी एवढा प्रवास कोणी करणार नाही. गावात पुरुष एकत्र येतात ते भजनी मंडळात, तालमीत, देवळाच्या पारावर आणि वारीच्या दिंडीत. वारीत वयाने व मानाने मोठा पुरुषही लहानाच्या पाया पडतो आणि अभंग गाताना डोळे पुसतो. या जागा आधीपासून आहेत, पण मानसिक आरोग्याच्या कार्यक्रमांनी त्यांचा पुरेसा उपयोग करून घेतलेला नाही.

उपलब्ध मदत

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार शासकीय व्यवस्थेत मानसिक उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे हा कायदा गृहीत धरतो आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य शासनावर सोपवतो. केंद्र शासनाची 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर ती दिवसरात्र विनामूल्य मिळते आणि तिच्यावर मराठीतूनही बोलता येते.