नव्वद वर्षांनी सापडलेली चार मिनिटं

आज एका जपानी कार्टूनची गोष्ट सांगायची आहे. कार्टून जेमतेम चार मिनिटांचं, पण शंभर वर्षांहून जुनं.

त्याचं नाव 'नामाकुरा गाताना', म्हणजे बोथट तलवार. एक बावळट सामुराई, म्हणजे तलवार बाळगणारा जपानी शिपाईगडी, नवी तलवार विकत घेतो. ती कापत का नाही, हे त्याला कळत नाही. मग धार बघायला तो रस्त्यानं जाणाऱ्यांवरच धावून जातो. आधी एका आंधळ्यावर, मग पळत टपाल नेणाऱ्या हरकाऱ्यावर. दोघंही त्यालाच लोळवतात. आम्ही बैठकीनंतर मोबाइलवर हे पाहिलं आणि पोट धरून हसलो. भाषा कळायचा प्रश्नच नाही, चित्र मुकं आहे. त्या काळी जपानात पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून गोष्ट रंगवून सांगायचा, आपल्या चित्रकथीसारखा.

हे चित्र १९१७ सालचं. जुनिची कोउची नावाच्या व्यंगचित्रकारानं ते केलं. कागदाच्या आकृत्या कापायच्या, जराशा सरकवायच्या, फोटो घ्यायचा, पुन्हा सरकवायच्या. काम भरतकामासारखं चिकाटीचं. जपानात अशी चित्रं बनायला त्याच वर्षी सुरुवात झाली होती.

पण ती टिकली नाहीत. तेव्हाची फिल्म चटकन पेट घ्यायची. १ सप्टेंबर १९२३ ला टोकियोकडे मोठा भूकंप झाला. वेळ दुपारी बाराची, घरोघर चुली पेटलेल्या. भूकंपापेक्षा आगीनंच जास्त माणसं गेली. एक लाखाच्या वर माणसं मेली, तिथं फिल्मची काय कथा! पुढं महायुद्धात शहरांवर बाँब पडले. कोउचीचं हे चित्र गेलं, असंच सगळे धरून चालले.

आणि २००७ साली नात्सुकी मात्सुमोतो या अभ्यासकाला ते ओसाका शहरात, जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळालं. त्यांना ओळखू आलं म्हणून वाचलं. नाहीतर कुणाच्या लेखी ते भंगारच. टोकियोच्या सरकारी चित्रपट केंद्रानं ते नीट केलं आणि २००८ मध्ये लोकांना दाखवलं.

हे ऐकून आपल्या दादासाहेब फाळक्यांची आठवण येते. 'राजा हरिश्चंद्र' सगळ्यांना माहीत आहे. पण १९१५ साली, म्हणजे कोउचीच्याही आधी, फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली होती. त्यात आगपेटीतल्या काड्या आपोआप हलायच्या. रीत तीच, काडी सरकवायची आणि चित्र घ्यायचं. त्यांच्या कामात सरस्वतीबाईंचे हात होते, हे फारसं कुणी सांगत नाही. कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं नसायची, ती त्या अंधारात बसून पाडायच्या. फिल्म धुवायची रसायनं कालवायच्या, वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करायच्या. दागिने तर गहाण पडलेच होते.

जुन्या फिल्ममध्ये चांदी असते. ती काढायला आपल्याकडे कितीतरी रिळं विकली गेली, कितीतरी दमट खोल्यांत चिकटून गेली. जुने चित्रपट जपायला पुण्यात सरकारी संग्रहालय निघालं १९६४ साली, तोवर फाळक्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती. 'आगकाड्यांची मौज' अजून कुणाच्या हाती लागलेली नाही.