गुच्छातली ओंबी

जवसाच्या तेलाचा वास नाकात शिरतो आणि तुम्ही १६४८ सालच्या अँटवर्पमध्ये असता. समोर यान डाविड्स द हेम रंगवत बसलाय. माणूस डच, उत्रेख्तचा. पण कितीतरी वर्षं मुक्काम इथे, स्पेनच्या अमलाखालच्या या कॅथलिक शहरात. कॅनव्हासवर दगडी कोनाडा, त्यात चषक, चषकावर मिस्सेतली, म्हणजे कॅथलिक उपासनेतली, पांढरी गोल भाकर. भोवती फळांचा भरगच्च हार, त्यात द्राक्षांचे घोस आणि गव्हाच्या ओंब्या. द्राक्षं म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, गहू म्हणजे शरीर. इथे कुणाला उलगडून सांगावं लागत नाही.

त्याच्या गावी तसं नाही. उत्रेख्तमध्ये १५८० पासून उघड मिस्सेला बंदी. मिस्सा होते ती बाहेरून ओळखू न येणाऱ्या घरांत, दाराआड. कॅल्विनपंथीयांच्या चर्चमध्ये संतांच्या तसबिरी नाहीत; दिवाणखान्यांत मात्र चित्रांची रेलचेल.

आता बाराएक वर्षं पुढे या. त्याच हातचं आणखी एक चित्र, आज ते वॉशिंग्टनमध्ये आहे. काचेच्या फुलदाणीत ट्यूलिप, गुलाब, अफूचं पांढरं फूल. चषक नाही. थोडं पुढे व्हा, अगदी नाक लागेल इतकं. फुलांच्या दाटीतून गव्हाची ओंबी बाहेर आली आहे! फुलपाखरू आहे, अळीही आहे; मरण आणि पुनरुत्थान. काचेच्या पोटावर खिडकीचं प्रतिबिंब, तिच्या दांड्या एकमेकींना छेदतात. क्रूस म्हणा, नाहीतर नुसती खिडकी.

प्रत्येक मुंगीत धर्म शोधणारे अभ्यासक मला जरा अतीच वाटतात. पण ओंबीचं वेगळं. ट्यूलिप वसंतातला, पिकलेला गहू भर उन्हाळ्यातला. हा गुच्छ कुठल्याही टेबलावर कधी उभा राहिलेला नाही. चित्रकाराने तो कॅनव्हासवरच जुळवला. म्हणजे इथे चुकून काहीच आलेलं नाही. घेणारा कॅथलिक असेल तर ओंबीपाशी थबकेल. नसेल तर पाकळ्यांवरच्या कसबाचे पैसे मोजून चित्र घरी नेईल.

द हेमला हे पुरेसं वाटलं नसावं. व्हेरेंडाल या चित्रकारासोबत केलेल्या एका चित्रात, जे आता म्युनिकला आहे, गुच्छाशेजारी सरळ क्रूसावरचा येशू आणि कवटी आहे. वर एक चिठ्ठी, तिच्यात सगळ्यांत सुंदर फुलाकडे लोक वळून बघत नाहीत अशी तक्रार. चिठ्ठी लिहावी लागली, म्हणजे ओंबीपाशी थबकणारे फार नसावेत.