घाट, कोल आणि वेलोसिओची साखळी

मराठीत आपण घाट चढतो, घाट उतरतो, घाटात अडकतो. घाट म्हणजे सबंध रस्ता, पायथ्यापासून माथ्यापर्यंतच्या साऱ्या वळणांसकट. फ्रेंचमधला 'कोल' हा शब्द मात्र एका जागेचा आहे. दोन डोंगरांमधली ती सगळ्यात खालची जागा, जिथून पलीकडे उतरता येतं. त्याच्या मुळाशी 'मान' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. 'कोल'चं भाषांतर 'घाट' केलं तर श्रम येतात, पण टोक हरवतं. 'खिंड' केलं तर टोक येतं आणि श्रम हरवतात. डोंगराळ मुलखातून सायकलने फिरण्याच्या इतिहासात नेमका हाच वाद दडलेला आहे. मोल कशाचं, माथा गाठण्याचं की चढणीचं?

हा वाद ज्या गावात पेटला ते सेंत-एत्येन पर्यटकांचं गाव कधीच नव्हतं. मध्य फ्रान्सच्या डोंगराळ पठाराच्या पूर्व कडेला वसलेलं, कोळशाच्या खाणींचं, बंदुकांच्या कारखान्यांचं आणि रेशमी फितींचं हे शहर. लोखंडकाम जाणणारे हात इथे भरपूर होते; एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हेच हात सायकली बनवू लागले. शहराच्या दक्षिणेला पिलाचा डोंगर. त्यावरून जाणारा हमरस्ता 1161 मीटर उंचीवरचा कोल द ला रेप्युब्लिक ओलांडून बूर्ग-आर्जांताल, आनोने या गावांकडे आणि पुढे रोन नदीच्या खोऱ्यात उतरतो. ही वाट सायकलस्वारांसाठी कुणी बांधली नव्हती. मालाने लादलेल्या गाड्या तिच्यावरून जायच्या.

पॉल द विव्ही याच शहरात रेशमाचा व्यापार करायचा. त्याचा जन्म 1853 सालचा, दक्षिणेत प्रोव्हान्समधला. तिशीच्या आसपास त्याला सायकलचं वेड लागलं. 1887 साली त्याने सायकलींचं दुकान काढलं आणि त्याच वर्षी एक मासिकही सुरू केलं. पुढे ते 'ल सिक्लिस्त' या नावाने ओळखलं गेलं. त्यात तो 'वेलोसिओ' या टोपणनावाने लिहायचा, आणि हेच नाव पुढे त्याला चिकटलं. तो शाकाहारी होता, एस्पेरांतो भाषेचा पुरस्कर्ता होता, लॅटिन ग्रंथांचा वाचक होता. सायकल हे केवळ वाहन नाही, तब्येत आणि मन दोन्ही ताळ्यावर ठेवणारी ती एक जीवनपद्धती आहे, असं तो मानायचा.

दारातच एवढा चढ असल्यामुळे त्याच्यापुढचा प्रश्न व्यवहाराचा होता. त्या काळच्या सायकलीला एकच गिअर असायचा. सपाटीवर जो सोयीचा, तो चढावर गुडघे मोडायचा. चढावर जो सोयीचा, तो सपाटीवर पाय नुसतेच गरगर फिरवायचा. वेलोसिओ एकाहून अधिक दातेरी चक्रं बसवू लागला. सुरुवातीला खाली उतरून साखळी हाताने एका चक्रावरून दुसऱ्यावर चढवावी लागे. मग सेंत-एत्येनच्या कारागिरांमध्ये जणू चढाओढच लागली: कुणी दोन साखळ्या लावल्या, कुणी उलटं पेडल मारलं की हलका गिअर लागेल अशी योजना केली, कुणी चालत्या सायकलवर साखळी सरकवणारी यंत्रणा बनवली. आज घाटात सायकलीचा गिअर बदलताना जो खट् आवाज येतो, त्याची एक ठळक मुळी या चढापर्यंत पोचते.

या सुधारणेला विरोध झाला, आणि तो झाला शर्यतीच्या जगातून. तूर द फ्रान्सचा जनक आंरी देग्रांज याला गिअर बदलणं पटत नसे. गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक आहेत, खऱ्या खेळाडूने स्नायूंच्या बळावर जिंकावं, असं त्याचं मत. (स्वतः त्या वयाकडे सरकत असल्यामुळे हे वाक्य मला दर वेळी जरा जास्तच ऐकू येतं.) 1903 साली पहिल्याच तूरमध्ये ल्योंहून मार्सेयला जाणारे शर्यतपटू याच कोल द ला रेप्युब्लिकवरून गेले, वेलोसिओच्या अंगणातूनच म्हणायचं. त्यांना गिअर बदलायची मुभा नव्हती. पुढची कित्येक वर्षं तूरचे खेळाडू चढाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढायचे, उलटं फिरवून दुसऱ्या बाजूचं चक्र साखळीला लावायचे आणि पुन्हा स्वार व्हायचे. गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला तूरने परवानगी दिली ती 1937 साली. तोवर हौशी भटके तिला केव्हाच सरावले होते.

पिरेनीजमध्ये हा फरक आणखी स्पष्ट दिसतो. 2115 मीटर उंचीच्या तूर्माले खिंडीचं नाव आज घेतलं की 1910 चा तूर आठवतो: लूशों ते बायोन हा 326 किलोमीटरचा टप्पा, कच्चे रस्ते, आणि चढावर सायकल ढकलत निघालेला ऑक्ताव लापीझ. त्या टप्प्यात त्याने आयोजकांना खुनी म्हटलं, ही कथा दर वर्षी नव्याने सांगितली जाते. पण त्याच्या आठ वर्षं आधी, 1902 च्या ऑगस्टमध्ये, तूरिंग क्लब द फ्रान्स या संस्थेने प्रवासी सायकलींची कसोटी घेतली होती ती याच तूर्मालेवर. शर्यत जिंकणं हा तिचा हेतू नव्हता. डोंगरात कोणते गिअर आणि कोणते ब्रेक टिकतात हे बघायचं होतं. मार्त एस ही स्त्री तीन गिअरची 'गोल्वाज' सायकल घेऊन तिथे उतरली होती. लापीझला जो डोंगर खुनशी वाटला, तो योग्य यंत्र हाती असलेल्यांनी आधीच पार केला होता. तूर्मालेचा हा रस्ताही सायकलींसाठी नव्हताच. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात उष्ण झऱ्यांची गावं जोडायला जो रस्ता काढला गेला, त्याचाच हा भाग. खाणीच्या गावात मालाची वाट आणि इथे आजारी श्रीमंतांच्या बग्ग्यांची वाट. सायकलस्वारांनी या वाटा बांधल्या नाहीत. त्यांनी त्या नव्याने वाचल्या.

वाचल्या, आणि लिहूनही ठेवल्या. 'ल सिक्लिस्त'मधली प्रवासवर्णनं रूढ अर्थाने साहित्य नाहीत. किती वाजता निघालो, चढ कुठे कडक झाला, वारा कुठून होता, कोणता गिअर कुठे लावला, काय खाल्लं. साहित्याच्या इतिहासात या डोंगराळ मुलखाचं नाव येतं ते स्टीव्हन्सनमुळे. 1878 साली तो गाढवाला सोबत घेऊन सेव्हेन डोंगरांतून बारा दिवस चालला आणि त्यावर त्याने पुस्तक लिहिलं. वेलोसिओ आणि त्याचे मित्र रात्रीच निघून, न झोपता, दुसऱ्या दिवशी प्रोव्हान्समध्ये पोचायचे. स्टीव्हन्सनच्या पुस्तकात वाट ही लेखकाच्या मनाचं निमित्त आहे. सायकलस्वारांच्या नोंदींत वाट पुढच्या माणसासाठी राखलेली आहे. महानुभावांची 'स्थानपोथी' ज्याने चाळली आहे, त्याला हा फरक ओळखीचा वाटेल. कोणतं स्थान कोणत्या दिशेला, हे कोरडेपणाने सांगणारा मजकूरही कुणाला तरी त्या वाटेने नेण्यासाठीच लिहिलेला असतो.

वेलोसिओने प्रवाशांसाठी सात नियमही सांगितले होते. थांबे कमी आणि छोटे ठेवावेत, भूक लागण्याआधी खावं, तहान लागण्याआधी प्यावं, थंडी वाजण्याआधी अंगावर कपडा चढवावा, असे साधे सल्ले त्यांत आहेत. पण शेवटचा नियम वेगळा आहे: केवळ अहंकारापोटी पेडल मारू नये. शर्यतीच्या युगात हे म्हणणारा माणूस मागे पडणार, असंच कुणालाही वाटलं असतं.

तसं झालं नाही. लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासांना प्रमाणपत्र द्यायची फ्रान्समधली पद्धत 1904 साली सुरू झाली, आणि गंमत म्हणजे तिच्यामागेही देग्रांजच होता. त्या 'ऑदाक्स' फेऱ्यांत सगळ्यांनी गटाने, ठरलेल्या एकाच वेगाने जायचं असे. 1921 मध्ये देग्रांज आणि ऑदाक्स क्लब पारिझियँ यांचं फाटलं. मग क्लबने प्रत्येकाने आपल्या वेगाने जावं अशा फेऱ्या सुरू केल्या. आजचे 'ब्रेव्हे' त्यांचेच वंशज. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 600 ला चाळीस. वेळेत पोचलात की झालं. पहिला-दुसरा नंबर नाही.

1936 साली फ्रान्सच्या कामगारांना कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि कारखान्यांतली माणसं सायकलींवर, जोडीने टँडेमवर, समुद्राकडे आणि डोंगरांकडे निघाली. हे बघायला वेलोसिओ नव्हता. 1930 मध्ये सेंत-एत्येनच्या रस्त्यावर ट्रामच्या धडकेने तो गेला. सायकलस्वारांच्याच तूरिंग क्लबचं लक्ष तोवर मोटारींकडे वळलं होतं. मात्र 1922 पासून त्याच्या नावाने कोल द ला रेप्युब्लिकवर चढण्याची प्रथा सुरू झाली होती, आणि ती त्याच्यामागेही टिकली.

आता तेच फ्रेंच शब्द आपल्याकडे आले आहेत. मुंबई-पुण्याहून सुटणाऱ्या ब्रेव्हेंमध्ये माणसं कार्ड खिशात घालून रात्री घाट चढतात. 'ब्रेव्हे'ला आणि 'रँदोनर'ला मराठी शब्द कुणी शोधलेला नाही, आणि मला तशी गरजही वाटत नाही. 'घाट' हा शब्द त्यांच्याजवळ आधीपासून आहे. चढण मोजायची की टोक, या जुन्या फ्रेंच वादात वेलोसिओची बाजू तो शब्द कधीचीच घेऊन बसला आहे.