मद्यपानविषयक ख्रिस्ती दृष्टिकोन
बायबल मद्याचा नव्हे, मद्यासक्तीचा निषेध करते. काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस (वाइन) केला. प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सुचवले, इफिसकरांना मात्र मद्याने मस्त होऊ नका असे बजावले. रोमकरांस पत्रातील (अध्याय १४) त्याची भूमिका सर्वांत मोलाची: विश्वासणाऱ्याला खाण्यापिण्याची मोकळीक आहे, पण विश्वासात दुबळ्या असलेल्या भावाला त्यामुळे अडखळण होत असेल, तर ती त्याने प्रेमापोटी आपणहून सोडावी. पुढे कॅथलिक उपासनेत प्रभुभोजनाच्या विधीसाठी द्राक्षारस कायम राहिला. एकोणिसाव्या शतकात दारूने उद्ध्वस्त झालेले संसार पाहून अनेक प्रॉटेस्टंटांनी संपूर्ण मद्यत्याग स्वीकारला. त्यांपैकी मेथडिस्ट पंथाचे थॉमस वेल्च यांनी १८६९ मध्ये प्रभुभोजनासाठी न आंबवलेला द्राक्षरस तयार केला. फ्रान्सिस विलर्ड यांच्या ख्रिस्ती महिला मद्यनिषेध संघाशी पंडिता रमाबाईंचा अमेरिकेतील वास्तव्यात निकटचा संबंध आला.