'खुडूक' : गोंदिया परिसरातील घरगुती उबवणीचा शब्दाधारे विचार

अंडी घरच्या घरी उबवून पिले काढणे ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकास क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. महसुलाच्या कागदांत धान आणि तलाव यांचा हिशेब मिळतो; परसातील टोपलीत एकवीस दिवस बसलेल्या कोंबडीचा सहसा मिळत नाही. कागद जेथे मुका असतो तेथे शब्दांस साक्षीला बोलवावे लागते.

गोंदिया जिल्हा 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्यापूर्वी हा मुलूख मध्य प्रांतात होता, 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. राज्ये बदलली तरी बोलींची सरमिसळ कायम राहिली. झाडीबोली आणि पोवारी यांच्या शेजारी येथे गोंडी नांदते, पूर्वेस छत्तीसगढी सुरू होते. छत्तीसगढीतील 'कुकरी' संस्कृत 'कुक्कुट'च्या कुळातील आहे. गोंडीतील 'कोर' मात्र तमिळ 'कोळि', तेलुगू 'कोडि' यांचा सगोत्र होय. बरो व एमेनो यांच्या 1961 च्या द्राविडी व्युत्पत्तिकोशाने हे नाते स्पष्ट केले. म्हणजे गोंडांनी पक्षी कोठूनही घेतलेला असो, त्याचे नाव तरी आर्यभाषिक शेजाऱ्यांकडून उसने घेतलेले नाही.

रसेल व हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात गोंडांच्या देवकार्यातील कोंबडीचे स्थान नोंदलेले आहे. कोंबडीपुढे तांदूळ टाकावयाचे आणि तिने ते टिपले म्हणजे देवाने बळी स्वीकारला असे समजावयाचे, ही रीत प्रसिद्धच आहे. देवाला आणि पाहुण्याला कोंबडी लागत असे, अंडे नव्हे. ज्या घरात अंडे खाण्यापेक्षा त्यातून पिलू निघणे अधिक मोलाचे, त्या घरात उबवण हा गौण उद्योग असू शकत नाही.

पद्धत साधी आहे. परंतु तिच्यात निरीक्षण पुष्कळ साठलेले आहे. टोपलीत धानाचे तणस घालून दहा-बारा अंडी मांडावयाची आणि अंधार पडल्यावर त्यांवर कोंबडी बसवावयाची. ती दिवसातून एखादे वेळी दाणापाण्यासाठी उठते. अंडी चोचीने तीच फिरवते. त्यांना लागणारी सुमारे साडेसदतीस अंशांची ऊबही तीच राखते. आठवड्याने अंडे दिव्यासमोर धरले म्हणजे आतील रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. ज्यात ते दिसत नाही ते अंडे काढून टाकावयाचे. इजिप्तमध्ये ही ऊब माणसाने फार प्राचीन काळीच भट्टीत निर्माण केली. तापमापकावाचून, अंडे पापणीला लावून तिचा अंदाज घेणारे कारागीर तेथे होते. त्या भट्ट्यांवरून स्फूर्ती घेऊन रेओम्यूर याने 1749 मध्ये पॅरिस येथे आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. झाडीपट्टीतील घराला भट्टीची गरज नव्हती, कारण त्याच्याजवळ खुडूक कोंबडी होती.

'खुडूक' (हिंदी 'कुड़क') हा शब्द मोठा बोलका आहे. अंडी देणे थांबवून बसकण मारलेली कोंबडी ती खुडूक. लक्षणेने हाच शब्द फळ देईनासे झालेल्या कशालाही लावतात. शब्दार्थात तोटा आणि व्यवहारात वंशवृद्धी, असा हा विरोध आहे. तो गृहिणीच्या मनातील द्वंद्वच दाखवतो. पिले नको असतील तेव्हा तीच गृहिणी कोंबडीला थंड पाण्यात बुडवून, नाकपुडीत पीस खुपसून तिची खोड मोडते. ही प्रवृत्ती प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे जागृत होते, हे रिडल व त्याच्या सहकाऱ्यांनी 1935 मध्ये दाखवले; गावाला तिचा निदान वेळ आणि ताप माहीत होता.

आधुनिक पैदाशीने हे द्वंद्व अंडे देण्याच्या बाजूने कायमचे निकालात काढले. व्हाइट लेगहॉर्न वर्षाला अडीचशेहून अधिक अंडी देते, गावरान कोंबडी साठच्या आसपास; परंतु लेगहॉर्न क्वचितच खुडूक होते. निवडीने तिच्यातील बसण्याची प्रवृत्ती जवळजवळ नाहीशी केली. सुधारित जातींबरोबर नागपूर येथील मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रासारख्या संस्था आल्या आणि एक दिवसाचे पिलू ही विकत मिळणारी वस्तू झाली. व्याकरणही बदलले. कोंबडी 'बसते', गृहिणी तिला 'बसवते'. यंत्र अंडी 'उबवते', आणि 'उबवणी केंद्र' या नामात तर कर्ता उरतच नाही.

ह्या बदलास केवळ शासनाला जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. 1927 मध्ये कुमाऊँतील राणीखेत येथे आढळलेल्या आणि त्याच गावाचे नाव मिळालेल्या रोगाची साथ आली म्हणजे खुराडेच्या खुराडे रिकामे होते. तेव्हा बसवावयास कोंबडीच उरत नाही. लसीशिवाय जुन्या पद्धतीचे गुणगान व्यर्थ आहे.

पुढे परसबागेसाठी हैदराबाद येथील संशोधन संस्थेने 'वनराजा' ही रंगीत जात तयार केली. ती गावात रुळली. मात्र तिच्यातही बसण्याची प्रवृत्ती जवळपास नाही. वीज जाईल या धास्तीने ज्याला बल्बच्या पेटीचा भरवसा वाटत नाही, तो वनराजाची अंडी टोपलीत मांडतो आणि त्यांवर बसवण्यासाठी शेजारच्या घरी गावरान खुडूक आहे का, याची चौकशी करतो.