हरित नौवहन आणि अलंगचा किनारा

नौवहनातील पर्यावरणरक्षणाचा इतिहास बहुधा समुद्राच्या बाजूने लिहिला जातो. समुद्रात तेल सांडू नये, धुरातील गंधक घटावे, हे हेतू स्तुत्यच आहेत. परंतु नियम बदलला की जुने जहाज निरुपयोगी ठरते. ते पुढे कोठे जाते, हा प्रश्न या इतिहासात क्वचितच विचारला जातो. भावनगर जिल्ह्यातील अलंगचा किनारा हे त्याचे एक उत्तर होय.

जहाजे तोडण्याचे काम मुंबईच्या दारूखान्यातही चालत आले आहे. अलंगला पहिले जहाज १९८३ मध्ये लागले. उतरता किनारा आणि भरती-ओहोटीतील मोठे अंतर यांमुळे उधाणाच्या भरतीला जहाज थेट किनाऱ्यावर चढविता येई; सुक्या गोदीचा खर्च वाचे. पुढे १९९९ मध्ये ‘एरिका’ आणि २००२ मध्ये ‘प्रेस्टिज’ ही तेलवाहू जहाजे युरोपच्या किनाऱ्याजवळ बुडाली. परिणामी एकेरी कवचाची तेलवाहू जहाजे बाद करण्याची गती वाढविण्यात आली. त्यांपैकी पुष्कळशी दक्षिण आशियाच्या किनाऱ्यांवर तोडली गेली. युरोपचा समुद्र सुरक्षित झाला, त्याची किंमत अंशतः येथे मोजली गेली.

या व्यवसायाचा लाभ नाकारता येत नाही. जहाजाचे पत्रे न वितळविता तापवून त्यांच्या सळया लाटता येतात. तेवढे खनिज व कोळसा वाचतो. ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश येथील भूमिहीनांना रोजगार मिळाला. मात्र ॲस्बेस्टॉसचा तंतू फुप्फुसात गेल्यावर रोग प्रकटण्यास अनेकदा दोन-तीन दशके लागतात. तोवर मजूर गावी परतलेला असतो आणि त्याच्या आजाराचा अलंगशी असलेला संबंध सहसा कोणत्याही दप्तरात राहत नाही.

२००६ मध्ये फ्रान्सने ‘क्लेमान्सो’ ही युद्धनौका अलंगच्या वाटेवरून परत बोलाविली, तेव्हा हा प्रश्न जगापुढे आला. २००९ चा हाँगकाँग करार, भारताचा २०१९ चा जहाज पुनर्चक्रण कायदा आणि जून २०२५ मध्ये त्या कराराची झालेली अंमलबजावणी हे त्यानंतरचे टप्पे. आता हा करार लागू असलेले जहाज तोडण्यास जाताना त्याबरोबर त्यातील घातक द्रव्यांची यादी असणे आवश्यक आहे.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये शतकाच्या मध्यापर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय ठरविले. ते गाठताना आणखी जहाजे बाद होतील. जहाजातील विषाची नोंद आता ठेवली जाते. ते जहाज तोडणाऱ्याच्या आरोग्याची नोंद तो गावी परतल्यावरही ठेवली जाईपर्यंत हरित नौवहनाचा हिशेब अपुराच राहील.